एकाच गल्लीतली दोन मुलं, एकच आजार: एक घरी खेळतंय, दुसरं आयसीयूत. स्ट्रेनचा हा काय प्रकार आहे?

मृण्मयी_करवीर
१९ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. गेले दहा दिवस घरात आणि गल्लीत जे चाललंय त्यानं डोकं शिणून गेलंय, म्हणून इथं लिहितेय.

आम्ही कोल्हापूरला राजारामपुरीत राहतो. माझा मुलगा अडीच वर्षांचा. दहा दिवसांपूर्वी त्याला ताप आला आणि दुसऱ्या दिवशी तो घासच घेईना. लाळ गळत होती, पण गिळायला तयार नव्हता. मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात बघितलं तर टाळ्यावर, पडजिभेच्या अलीकडं लाल कडेचे पांढुरके चट्टे. संध्याकाळपर्यंत तळहात, तळपाय, कोपरं, गुडघे, मांड्या, सगळीकडं फोड. तोंडाभोवती तर इतके की सासूबाई कांजिण्याच म्हणत होत्या. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, 'हँड फूट माउथ', आठवड्याभरात उतरेल. आणि खरंच उतरलं.

समोरच्या घरातलं बाळ चौदा महिन्यांचं. दोघं एकाच पडवीत खेळतात. त्याच्या अंगावर मोजून चार फोड, तेही शोधावे लागले. आम्ही सगळे म्हणत होतो, याचं थोडक्यात भागलं. तिसऱ्या रात्री त्याची आई मला उठवायला आली. बाळ झोपेत होतं आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्याचे दोन्ही हात एकदम वर उडत होते. शेजारी कुणी पितळी भांडं पाडावं आणि पोर दचकावं, अगदी तसं. घरात आवाज कसलाच नव्हता, बाहेर पाऊस तेवढा. उठवलं तर उलटी झाली. मांडीवर बसवलं तर एका अंगाला कलंडायला लागलं. रात्री दीडला रिक्षा काढून दवाखाना गाठला. काही दिवस आयसीयूत होतं, आज घरी आलंय. अजून मान धरून बसवावं लागतं, पण हसतंय.

तिथले डॉक्टर जाता जाता म्हणाले, 'या विषाणूचे काही स्ट्रेन, म्हणजे प्रकार, मज्जासंस्थेपर्यंत जातात.' तेवढ्या एका वाक्यावर मी दोन रात्री काढल्यात. आजार एक, नाव एक. मग एक स्ट्रेन कातडीवर थांबतो आणि दुसरा मेंदूपर्यंत पोचतो, असं का? ज्याच्या अंगावर फोडच फोड तो खेळतोय आणि चार फोडवाला आयसीयूत, हे उलटं कसं? माझ्या मोठ्या मुलीला तीन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, दोन दिवसांत उठून शाळेत गेली होती. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

गुळाची_ढेप
१९ जुलै, रात्री ११:५२

ताई, वाचून अंगावर काटा आला. बाळ घरी आलं, अंबाबाईची कृपा. आमच्या शिवाजी पेठेत पण बालवाडीतली निम्मी पोरं घरात आहेत. सगळ्यांना हलकंच आहे आत्तापर्यंत. धागा वर ठेवा.

कागलचा_गोठा
२० जुलै, सकाळी ६:१०

माझ्याकडं सा म्हशी हाईत. मागल्या पावसाळ्यात दोघींना लाळ्या खुरकूत झालं. तोंडात फोड, खुरात जखमा, तारंसारखी लाळ. नातवाला परवा डॉक्टरनं हात-पाय-तोंडाचाच रोग सांगितला तवा माझ्या मनात पयलं त्येच आलं. गोठ्यातनं आलं व्हय पोराला? सून मला गोठ्यातनं येऊन बाळाला हात लावू देत न्हाई. खरं काय ते सांगा कुणीतरी.

डॉ_शाहूपुरी
२० जुलै, दुपारी २:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ओपीडी आत्ता संपली, त्यात आज अकरा मुलं याच आजाराची होती.

आधी काकांना उत्तर: नाही, गोठ्यातून आलेलं नाही. लाळ्या खुरकूत आणि मुलांचा हा आजार, दोन्हींचे विषाणू एकाच मोठ्या कुळातले, पण घराणी वेगळी. म्हशीचा विषाणू नातवाला हा आजार देत नाही आणि नातवाचा म्हशीला देत नाही. गोठ्यातून आल्यावर हात साबणानं धुवा आणि नातवाला खुशाल घ्या.

मृण्मयीताई, तुमच्या प्रश्नात एक गाठ आहे, ती आधी सोडवू. 'हँड फूट माउथ' हे विषाणूचं नाव नाही, दिसणाऱ्या लक्षणांचं नाव आहे. एन्टेरोव्हायरस म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचा मोठा परिवार. त्यातले कितीतरी जण हेच फोड उठवू शकतात. आम्हाला दवाखान्यात मुख्यतः तीन माहीत असावे लागतात.

कॉक्सॅकी ए-१६ हा जुना, नेहमीचा. १९५७ साली कॅनडात टोरांटोला जी साथ आली ती याचीच. बहुतेक मुलं आठवड्यात बरी होतात. कॉक्सॅकी ए-६ गेल्या पंधरा वर्षांत जगभर पसरला. हा अंगभर फोड आणतो, तोंडाभोवती, हातापायांवर, जिथं पूर्वी इसब झालेलं असेल तिथं जास्तच. आईबापांना बघवत नाही, पण सहसा धोका नसतो. तिसरा एन्टेरोव्हायरस ७१. याचे फोड बऱ्याचदा बारीक आणि थोडे असतात, पण हा मेंदूच्या खालच्या भागात, मस्तिष्कस्तंभात, शिरू शकतो. श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणारी केंद्रं तिथं असतात. त्यामुळे अशा मुलाची छाती भरते ती न्यूमोनियानं नाही, वरचं नियंत्रण बिघडल्यामुळे भरते.

समोरच्या बाळाला कुठला होता ते मी इथून सांगू शकत नाही. पण फोडांची संख्या आणि धोका यांचा मेळ नसतो, हे मात्र खरं. मी फोड मोजत नाही. मी विचारतो: ताप तीन दिवसांवर गेला का? मूल झोपेत दचकतंय का? सारखी उलटी, सारखी गुंगी? चालताना झोकांड्या? श्वास भरभर? हातपाय थंड आणि घामट? यातलं एक जरी असलं तरी रात्र उजाडायची वाट बघायची नाही. बाळाच्या आईनं दीड वाजता रिक्षा काढली, तिथंच निम्मं काम झालं.

मोठ्या मुलीबद्दल: एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला अडवत नाही. म्हणून एकच मूल दोनदा, तीनदाही आजारी पडतं.

तालमीतला_गडी
२० जुलै, संध्याकाळी ७:०५

डॉक्टर, आदर ठेवून बोलतो. आमच्या लहानपणी हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. मातीत लोळायचो, पंचगंगेत पोहायचो, काही झालं नाही. आताची पोरं फरशीवर वाढतात, डबाबंद खातात, अंगात ताकद नाही, म्हणून साधा ताप डोक्यात जातो. स्ट्रेन वगैरे नंतरच्या गोष्टी. विषाणू तोच असतो, अंग कमजोर असतं.

आजी_मंगळवार_पेठ
२० जुलै, रात्री ९:२०

तालमीतल्या बाळा, मी ७४ वर्षांची आहे. तुझ्या लहानपणाच्या आधीचं सांगते.

आम्ही पाच भावंडं. मी सहा-सात वर्षांची असेन. पावसाळ्यात घरात सगळ्यांना ताप आला. दोन दिवस अंग दुखलं, पोट बिघडलं आणि चौघं उठून खेळायला लागलो. धाकटा भाऊ उठला नाही. तिसऱ्या दिवशी आईनं त्याला मोरीपाशी उभं केलं तर उजवा पाय खाली टेकेचना, कापडाच्या बाहुलीसारखा लोंबत होता. पोलिओ. तो आमच्यात सगळ्यात अंगापिंडानं धडधाकट होता. वडील त्याला कौतुकानं तालमीत घेऊन जायचे. म्हणजे ताकदीचं म्हणशील तर वयाच्या मानानं त्याच्याकडं आमच्यापेक्षा जास्तच होती.

एक घर, एक पाणी, एक ताट. चौघांना काही नाही आणि एकाचा पाय गेला. मृण्मयी, तू विचारलेलाच प्रश्न माझ्या आईनं जन्मभर विचारला. तिला वाटायचं, तिच्याच हातून काही चुकलं. ते काही मला अजून विसरता येत नाही. कुणी जाणतं असेल तर सांगा, पोलिओचं पण असंच असतं का?

तालमीतला_गडी
२० जुलै, रात्री ९:४१

आजी, चुकलं माझं. असं काही डोक्यातच आलं नव्हतं. भाऊ आता कसे आहेत?

आजी_मंगळवार_पेठ
२० जुलै, रात्री ९:५५

पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवलं त्यानं. आता नातवंडांत असतो.

सूक्ष्मा
२० जुलै, रात्री ११:३०

मूळची गडहिंग्लजची, पुण्यात विषाणूंवर काम करते. आजी, तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तिची काहीही चूक नव्हती. पोलिओसुद्धा एन्टेरोव्हायरसच, वर डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच परिवारातला. म्हणून मृण्मयीताईंना समजावताना पोलिओवरूनच सुरुवात करते.

पोलिओचे तीन टाइप. लस न घेतलेल्या मुलांमध्ये टाइप १ चा संसर्ग झाला तर साधारण २०० पैकी एकाला लकवा व्हायचा. टाइप ३ मध्ये साधारण हजारात एकाला, टाइप २ मध्ये दोन हजारांत एकाच्या आसपास. तिन्ही तोंडावाटे शिरतात, तिन्ही आतड्यात वाढतात. तरी लकव्याचा हिशोब दहापट वेगळा. म्हणजे प्रकाराला अर्थ आहे. पण टाइप १ मध्येसुद्धा २०० पैकी १९९ मुलं सुटायची, म्हणजे मुलालाही अर्थ आहे. आजींच्या घरात पाचांना संसर्ग होऊन एकाला लकवा झाला, ते दुर्दैवानं या हिशोबापेक्षा वाईट.

आता 'स्ट्रेन वेगळा' म्हणजे नेमकं काय वेगळं? या विषाणूंचा जनुकीय मजकूर जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा. तोंडानं द्यायच्या पोलिओ लसीत जो दुबळा केलेला टाइप ३ विषाणू असतो, त्याच्या ४७२ व्या जागी एक अक्षर बदललेलं आहे. ही जागा कुठलं प्रथिन सांगत नाही. पेशीची यंत्रणा येऊन बसते आणि मजकूर वाचायला लागते, त्या पायरीचाच ती भाग आहे. अक्षर बदलल्यावर आतड्यात वाचन ठीक चालतं, मज्जापेशीत अडखळतं. म्हणून तो विषाणू आतड्यात वाढून संरक्षण देतो आणि पाठीच्या कण्यात जाऊन फारसं काही करू शकत नाही. एक अक्षर! आणि लस घेतलेल्या बाळाच्या पोटात ते अक्षर काही दिवसांत परत पूर्वीसारखंही होऊ शकतं. १९८५ साली हे दाखवलं गेलं.

अशी अक्षरं बदलतात कशी? हे विषाणू स्वतःची नक्कल काढताना दर दहा हजार अक्षरांमागे साधारण एक चूक करतात आणि खोडरबर त्यांच्याकडं नसतो. त्यामुळे एका मुलाच्या अंगात एकसारखा विषाणू नसतोच, थोड्याथोड्या फरकाचा घोळका असतो. शास्त्रज्ञांनी कमी चुका करणारा पोलिओ विषाणू मुद्दाम बनवून उंदरांना दिला, तर तो मेंदूत धड पोचेना. घोळक्यातल्या वेगवेगळ्या भावांनी मिळूनच वाट काढलेली असते.

आता एन्टेरोव्हायरस ७१. पेशीत शिरायला तो 'स्कार्ब-२' नावाचं प्रथिन वापरतो. हे २००९ साली जपानमध्ये सापडलं. हे प्रथिन मज्जापेशींवर असतं, म्हणून तो तिथं जातो, असं सोपं उत्तर बऱ्याच ठिकाणी दिलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण सौम्य समजला जाणारा ए-१६ सुद्धा तेच दार वापरतो! दार तेच, पण दारापर्यंत पोचतो कोण, हा खरा प्रश्न.

तिथं एक फार सुंदर गोष्ट आहे. ७१ च्या वरच्या कवचात १४५ व्या जागी एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, असतं. ते एका प्रकारचं असेल तर विषाणू पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटत राहतो. दुसऱ्या प्रकारचं असेल तर चिकटत नाही. आपल्याला वाटेल, चिकट तो घातक. माकडांवरच्या प्रयोगात उलटं दिसलं. चिकट विषाणू पावसाळ्यातल्या चपलेसारखा चिखलात रुतत रुतत जातो, जागोजागी अडकतो. न चिकटणारा रक्तात मोकळा फिरतो आणि मेंदूपर्यंत पोचतो. प्रयोगशाळेतल्या बशीत, पेट्रीडिशमध्ये, जोमानं वाढणारा विषाणू कधीकधी प्राण्यात मवाळ असतो, तो यामुळेच.

माफ करा, फार लांबलं.

गुळाची_ढेप
२१ जुलै, सकाळी ८:१५

लांबू दे. चहा गार झाला वाचता वाचता, पण चपलेवरून एकदम कळलं.

कागलचा_गोठा
२१ जुलै, सकाळी ८:४०

सूक्ष्माताई, आता मला बी उमगलं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यालं, लाळ्या खुरकूताचं पण वाण असत्यात. ओ, ए आनि एशिया-१. लशीत तिन्ही घालत्यात, कारण एकाची लस दुसऱ्याला चालत न्हाई. एका वाणातनं उठल्याली म्हस दुसऱ्या वाणानं परत बसती. उसाचं तसंच की. को ८६०३२ लावला काय नि दुसरा लावला काय, लांबनं बघणाऱ्याला ऊसच दिसतो. पण उतारा येगळा, रोगाला बळी पडणं येगळं. स्ट्रेन म्हंजे वाण, असं समजतो मी.

नातवाला काल घेतलं. सुनंला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दावला.

सूक्ष्मा
२१ जुलै, सकाळी ९:०२

काका, यापुढे व्याख्यानात मी 'वाण' हाच शब्द वापरणार. फक्त एक भर: ए-१६, ए-६, ७१ हे वेगवेगळे वाण. आणि एकट्या ७१ च्या आतसुद्धा पोटवाण आहेत. चीनमधल्या साथींत सी-४ नावाचा, १९९८ च्या तैवानच्या साथीत सी-२. भारतात लकवा झालेल्या मुलांच्या शौचाच्या नमुन्यांतून ७१ मिळाला तेव्हा त्याचा पोटवाण या दोन्हींपेक्षा वेगळा निघाला.

कॉक्सॅकी हे नाव कुठून आलं ते पण सांगते. अमेरिकेत हडसन नदीकाठी त्या नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या आजारी मुलांच्या नमुन्यांत १९४८ मध्ये पहिला विषाणू ओळखला. नदीकाठचं गाव जगाच्या वैद्यकात असं जाऊन बसलं.

तैपेईतला_रंकाळा
२१ जुलै, दुपारी १२:१०

मी कोल्हापूरचा, गेली नऊ वर्षं तैवानमध्ये नोकरी. मुलगी इथल्याच बालवाडीत जाते. या आजाराबद्दल इथले लोक किती सावध असतात ते सांगतो.

१९९८ च्या साथीत तैवानमध्ये १ लाख २९ हजारांहून जास्त मुलांची नोंद झाली. ४०५ गंभीर, ७८ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांच्या आतले. त्या साथीत ए-१६ पण फिरत होता, पण जीव घेतले ते मुख्यतः ७१ नं. इथल्या आजीआजोबांच्या पिढीला ते वर्ष आपल्याकडच्या २०१९ च्या पुरासारखं आठवतं.

बालवाडीच्या दारात ताई रोज सकाळी प्रत्येक मुलाचे तळहात उलटेपालटे बघतात आणि 'आऽऽ' करायला लावतात. एका वर्गात आठवड्यात दोघं आजारी पडली की तो वर्ग आठवडाभर बंद. आणि घराघरात एक पत्रक असतं, त्यात डॉक्टरांनी वर सांगितलेल्याच खुणा: गुंगी, झोपेतलं दचकणं, सारखी उलटी, भरभर श्वास. मृण्मयीताई, तुम्ही वर्णन केलेलं हात उडणं इथं न शिकलेली आजीसुद्धा ओळखते. आपल्याकडं ते 'पोर दचकतंय, दृष्ट लागली असंल' म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून झोपवतात. माझ्या आईनंही केलं असतं.

अजून एक. इथं घराघरांत जाऊन अभ्यास झाला होता. घरात ७१ आला की मोठ्या माणसांनाही संसर्ग होतो आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना एकही लक्षण नसतं. बाळ घराबाहेर गेलं नाही तरी त्याला कसं झालं, याचं उत्तर बऱ्याचदा आपणच.

बालवाडीची_ताई
२१ जुलै, दुपारी ३:४५

मी बालवाडी चालवते, त्यामुळे यात माझाही भाग आहे. आमच्याकडं गेल्या पंधरा दिवसांत नऊ मुलं आजारी पडली. मी रोज दाराशी सॅनिटायझर लावत होते आणि समाधानात होते. डॉक्टर, काल एकीनं सांगितलं की या विषाणूवर सॅनिटायझर नीट चालत नाही. खरं का?

डॉ_शाहूपुरी
२१ जुलै, रात्री १०:२०

खरं आहे. करोनाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण होतं, अल्कोहोल ते फोडायचं. एन्टेरोव्हायरसला ते आवरणच नाही, नुसतं टणक कवच. त्यामुळे साबण आणि वाहतं पाणी, नीट चोळून. खेळणी आणि फरशी ब्लीचच्या पातळ द्रावणानं पुसा आणि मग पाण्यानं धुवा. सगळ्यात महत्त्वाचं, लंगोट बदलल्यावरचे हात. फोड वाळले तरी मुलाच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे जात राहतो.

बालवाडीची_ताई
२१ जुलै, रात्री १०:४८

उद्यापासून नळापाशी रांग. पावसात धुतलेली कापडी खेळणी तीन-तीन दिवस वाळत नाहीत, ती सरळ माळ्यावर टाकते. आणि आषाढ चालू आहे, त्र्यंबोलीला पाणी वाहायला गल्लीगल्लीतून मिरवणुका जातील. पी ढबाक वाजंत्रीच्या मागं सगळी पोरं असतात एकमेकांच्या गळ्यात हात घालून. फोड असलेल्यांना तेवढं या वर्षी घरी ठेवा, एवढी विनंती.

पाचगावची_पाखरं
२२ जुलै, सकाळी १०:००

खायला काय देताय सगळे? माझी चार वर्षांची, तोंड आलंय, दोन दिवस पाणीसुद्धा नको म्हणते.

गुळाची_ढेप
२२ जुलै, सकाळी १०:२५

आमच्या पुतण्याला गार नाचणीची आंबील, ताक घालून. आंबट आणि तिखट टाळा, झोंबतं. शहाळ्याचं पाणी चमच्यानं. थंडगार दूध. त्याचे आजोबा मात्र मटणाच्या दिवशी राहावलं नाही म्हणून कोमट पांढरा रस्सा वाटीत घेऊन बसले, मिरी न घातलेला. गड्यानं पूर्ण वाटी संपवली आणि परत मागितली. कोल्हापूरचं लेकरू, तोंड आलं तरी रस्सा सोडत नाही!

डॉ_शाहूपुरी
२२ जुलै, दुपारी २:१०

चालेल तो रस्सा. लघवी किती वेळा होते ते मोजा. सहा-आठ तासांत एकदाही झाली नाही, डोळे खोल गेले, तर सलाइनची वेळ आली समजा. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं. मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीच नाही.

बिंदू_चौक
२२ जुलै, रात्री ८:३०

माझी तक्रार आहे. नाव घेत नाही. भाचीला याच आजारात एका दवाखान्यात पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. जुलाब लागले ते वेगळेच. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे मला बारावी सायन्सवाल्याला कळतं. आणि स्ट्रेन कुठला हे विचारलं तर म्हणाले, तपासायची गरज नाही. गरज कशी नाही? कळायला नको?

डॉ_शाहूपुरी
२२ जुलै, रात्री ११:०५

अँटिबायोटिकबद्दल तुमचं बरोबर. फोडांत जिवाणूंचा वेगळा संसर्ग झाला तरच त्याचा उपयोग. तपासणीबद्दल मात्र मी त्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे. प्रकार कळला तरी घरी बऱ्या होणाऱ्या मुलाचा उपचार बदलत नाही, कारण यातल्या कुठल्याच प्रकारावर थेट औषध नाही. अहवाल येईपर्यंत मूल शाळेत गेलेलं असतं.

सूक्ष्मा
२३ जुलै, सकाळी ७:५०

डॉक्टर, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. एका मुलासाठी गरज नाही, मान्य. पण जिल्ह्यासाठी आहे. २०२२ मध्ये केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून केवढा गाजावाजा झाला. तिथून इंग्लंडला परतलेल्या मुलांचे नमुने तपासले तेव्हा ए-१६ निघाला आणि लोकांचा जीव खाली पडला. तपासलं नसतं तर नवा रोग म्हणून अजून अफवा पिकल्या असत्या. उलट ७१ निघाला तर बालरोगतज्ज्ञांना, आयसीयूंना आधी सावध करता येतं. दहा गंभीर मुलांचे घशाचे आणि शौचाचे नमुने जरी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत, एनआयव्हीपर्यंत, गेले तरी चित्र कळतं.

लशीचं पण यातच येतं. चीनमध्ये २०१५ च्या शेवटी ७१ विरुद्धची लस मंजूर झाली. ती ७१ ला चांगली अडवते, पण ए-१६ ला नाही, ए-६ लाही नाही. आपल्याकडं कुठला वाण जास्त फिरतो हेच माहीत नसेल, तर अशी लस आणावी की नाही हे ठरवायचं कशावर?

डॉ_शाहूपुरी
२३ जुलै, दुपारी २:४०

गंभीर मुलांपुरतं तुमचं मान्य. आयसीयूत जाणाऱ्या प्रत्येकाचा नमुना जायला हवा. मी माझ्याकडून सुरुवात करतो.

मृण्मयी_करवीर
२८ ऑगस्ट, रात्री १०:१५

महिन्याभरानं परत आलेय. सगळ्यांचे प्रतिसाद मी समोरच्या वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवले. आजींचा वाचताना त्या खूप रडल्या. त्या दृष्ट काढणार होत्या त्या रात्री, मीठ हातात घेतलं होतं.

बाळाच्या घशाचा नमुना दवाखान्यानं घेतला होता. अहवालात एवढंच की एन्टेरोव्हायरस आढळला, कुठला ते नाही. मी मनात धरून चालले होते की माझ्या मुलाला साधा वाण होता आणि बाळाला ७१.

गेल्या आठवड्यात मुलाला आंघोळ घालताना अंगठ्याचं नख मुळापाशी उचललेलं दिसलं. दोन दिवसांत ते गळून हातात आलं, खाली नवीन कोवळं नख. आता चार बोटांची गेलीत. दुखत नाही. तो ती आगपेटीत जमवतोय. डॉक्टर, हे याच आजारामुळे का?

आणि दुसरं, ज्यासाठी मुख्यतः लिहितेय. काल बाळाच्या पायाचं नख पण तसंच निघालं.

डॉ_शाहूपुरी
२८ ऑगस्ट, रात्री ११:३०

हो, याच आजारामुळे. महिना-दोन महिन्यांनी नखं गळतात, नवीन येतात, उपचार लागत नाही. आणि हे ए-६ मध्ये सगळ्यात जास्त दिसतं.

सूक्ष्मा
२९ ऑगस्ट, सकाळी ८:२०

ताई, हे वाचून मी बराच वेळ थांबले. नखं म्हणजे पक्का पुरावा नाही, इतर प्रकारांतही क्वचित गळतात. पण एकाच पडवीतली दोन मुलं, तीच वेळ, दोघांची नखं गळली. दोघांनाही ए-६ झाला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ए-६ मध्येही थोड्या मुलांच्या मज्जासंस्थेला त्रास झाल्याचं नोंदलेलं आहे.

तसं असेल तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या दोघांपुरतं स्ट्रेनमध्ये नव्हतं. बाळ चौदा महिन्यांचं. आईकडून मिळालेलं संरक्षण संपलेलं, स्वतःचं अजून बनतंय. तुमच्या मुलानं अडीच वर्षांत या परिवारातले चार-सहा विषाणू फोड न येताच पचवलेले असतील. मी त्या रात्री कवचाच्या १४५ व्या जागेवर एवढं लिहिलं आणि वयावर एक ओळसुद्धा नाही, ते राहून गेलं.

कागलचा_गोठा
२९ ऑगस्ट, सकाळी ८:५५

वाण त्योच, खरं लागण कोवळी. आमच्यात बी लाळ्या खुरकूतात मोठी जनावरं उठत्यात नि रेडकं जात्यात.

आजी_मंगळवार_पेठ
२९ ऑगस्ट, दुपारी १२:३०

आमचा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता. बाळ आता बसतं का गं?

मृण्मयी_करवीर
२९ ऑगस्ट, रात्री ९:४०

आजी, बसतं. आज सकाळी पडवीतल्या कट्ट्याला धरून उभं राहिलं आणि तीन पावलं आडवी टाकली, माझ्या मुलाच्या आगपेटीकडं. त्याला ती नखांची आगपेटी हवी होती. यानं दिली नाही, म्हणून दोघं भांडत होते.

पुढच्या सोमवारी दोघांना घेऊन डॉक्टरांकडं जातोय. तालमीतले दादा, रिक्षा तुम्ही पाठवताय असं मला वेगळ्या निरोपात म्हणालात त्याबद्दल वहिनींनी आभार सांगितलेत.